खोलीअभावी थांबणारे शिक्षण : सोलापूरच्या विद्यापीठास आणि महापालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय : पदव्युत्तर विद्यार्थी आणि संशोधक यांच्यासाठी सुरक्षित व परवडणाऱ्या निवासाची सोय करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

सात वर्षांपूर्वी मी वडिलांबरोबर सांगोला तालुक्यातील आमच्या गावाहून एम.ए.च्या प्रवेशासाठी सोलापुरात आले. विद्यापीठ केगावला आहे, आणि वडिलांना तिथला रस्ता माहीत होता, कारण डाळिंबावर तेल्या रोग पडला की ते तिथल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात सल्ला विचारायला येत असत. प्रवेशाचे काम एका सकाळीच उरकले. खोली शोधायला मात्र आम्हाला तीन दिवस लागले. दोन रात्री आम्ही वडिलांच्या ओळखीच्या एका अडत्याकडे काढल्या, आणि दिवसभर जुळे सोलापूर, विजापूर रोड, बाळे, देगाव असे फिरत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली मिळाली. ती मिळाली नसती तर रात्रीच्या एसटीने तुला परत न्यायचे मी ठरवले होते, हे वडिलांनी मला पुढे एम.ए.चा निकाल लागल्यावर सांगितले. त्या तीन दिवसांत त्यांनी मला विषयाबद्दल, अभ्यासक्रमाबद्दल, पुढे नोकरी मिळेल का याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांचे सगळे प्रश्न दाराची कडी, जिना, घरमालक आणि पाणी यांच्याविषयी होते.

आज मी सोलापुरात पीएच.डी.चे काम करते. विडी वळणाऱ्या स्त्रिया हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. सात वर्षांत मी चार खोल्या आणि एक वसतिगृह बदलले आहे. हे पत्र स्वतःसाठी काही मागण्याकरिता लिहीत नाही, कारण माझा प्रबंध आता शेवटच्या टप्प्यात आहे. दरवर्षी जून-जुलैत एसटी स्थानकावर मुलीची पेटी सांभाळत उभे असलेले वडील मला दिसतात, आणि त्यांतले किती जण तिसऱ्या संध्याकाळी रिकाम्या हाताने परत जात असतील, हा विचार मनातून जात नाही, म्हणून लिहीत आहे.

हा प्रश्न पदवीपेक्षा पदव्युत्तर शिक्षणात अधिक टोकदार का होतो, ते आधी मांडायला हवे. बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला, मंगळवेढा अशा ठिकाणी चांगली महाविद्यालये आहेत, आणि मुली तिथे घरी राहून पदवीधर होतात. घर सोडण्याची वेळ येते ती त्यानंतर, कारण बहुतेक विषयांचे पदव्युत्तर विभाग, सुसज्ज प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक सोलापुरात आहेत. १ ऑगस्ट २००४ रोजी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन आपले विद्यापीठ स्थापन झाले, ते एकाच जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणून, आणि त्यामागचा हेतू मुलांना लांब जावे लागू नये हाच होता. पण हा जिल्हा अकरा तालुक्यांचा आहे. करमाळा आणि अकलूज सोलापूरपासून शंभर किलोमीटरांपलीकडे आहेत. बार्शी आणि पंढरपूर सत्तरेक किलोमीटरांवर. शिवाय धाराशिव जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गी भागातूनही मुले इथे येतात. ‘जिल्ह्यातलाच विद्यार्थी आहे, जाऊन येऊन करील’ असे म्हणताना हे अंतर नकाशावर मोजून पाहावे, ही विनंती.

जाऊन येऊन करणारेही पुष्कळ आहेत. माझी एक सहाध्यायी बार्शीहून रोज येते. तिला दोन वर्षांचा मुलगा आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले नसते तर तिने संशोधन सोडलेच असते, असे ती सांगते, आणि मला ते खरे वाटते. पण भाडे निम्मे झाले तरी वेळ निम्मा होत नाही. जाता-येता रोजचे चार तास गाडीत जातात, पाचची गाडी चुकू नये म्हणून प्रयोग अर्धवट बंद करावा लागतो, आणि मार्गदर्शकांची भेट दुपारी चारला ठरली तर तो दिवस वाया जातो. नवरा आणि मूल यांच्यासह राहता येईल अशी दोन खोल्यांची जागा तिने सोलापुरात वर्षभर शोधली. विद्यार्थिनीला मिळणारी खोली लहान मुलासह मिळत नव्हती, आणि कुटुंबाला मिळणारी जागा तिला परवडत नव्हती. विवाहित संशोधकाचा विचार आपल्याकडे वसतिगृह बांधताना कोणी करतच नाही. पीएच.डी.ला बसणारी स्त्री बहुधा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असते आणि तिचे लग्न झालेले असण्याचाच संभव अधिक असतो, ही साधी गोष्ट आहे.

आता भाड्याच्या खोल्यांविषयी.

माझी पहिली खोली पत्र्याची होती, हे वर सांगितले. सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांना सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, आणि त्या दिवसांत पत्र्याखाली दुपारी अकरा ते रात्री अकरा बसता येत नाही. नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा असतात. पहिल्या वर्षी मी ओला पंचा डोक्यावर घेऊन पहाटे तीन ते आठ अभ्यास केला आणि उरलेला दिवस ग्रंथालयात काढला. ग्रंथालयाला सुटी असे त्या दिवशी रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयातही बसले आहे.

पाण्याची गोष्ट याहून अवघड आहे. उजनीतून शंभर किलोमीटरांहून लांब जलवाहिनीने येणारे पाणी आपल्या शहराला चार-पाच दिवसांआड मिळते, हे वर्षानुवर्षांचे वास्तव आहे. ज्याचे स्वतःचे घर आहे त्याच्याकडे हौद असतो, गच्चीवर टाकी असते, बोअर असते. खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे दोन बादल्या आणि एक ड्रम असतो. पाणी सुटते तेव्हा ते आधी घरमालक भरतात, मग खालचे भाडेकरू, आणि शेवटी गच्चीवरचे विद्यार्थी. पाण्याची वेळ आणि तासिकेची वेळ एकच आली तर कोणती गाठायची, हा निर्णय मी दोन वर्षे दर चौथ्या-पाचव्या दिवशी घेतला आहे. चार मुलींच्या खोलीत आम्ही पाळ्या लावल्या होत्या. जिची पाळी असे ती त्या दिवशी गैरहजर राहत असे, आणि हजेरी कमी भरली म्हणून सत्राच्या शेवटी जी नावे फलकावर लागली त्यांत आमच्या खोलीतल्या दोघींची नावे होती. त्या गैरहजेरीचे कारण पाणी होते, हे आमच्या शिक्षकांना आम्ही कधी सांगितले नाही. सांगायला लाज वाटत होती.

सुरक्षितता म्हणजे काय, याविषयी माझे मत या वर्षांत बदलले आहे. मी एका संस्थेच्या वसतिगृहात एक वर्ष राहिले. त्या संस्थेचे नाव मी येथे घेत नाही. तिथे संध्याकाळी सातला दार बंद होत असे, आणि घरच्यांना त्याचा फार आधार वाटे. पण माझी क्षेत्रभेट ज्या स्त्रियांशी होती त्या दिवसभर विड्या वळून, तयार माल कारखान्यात देऊन संध्याकाळी मोकळ्या होत. त्यांच्याशी बोलायची वेळ साडेसहा ते साडेआठ. एकदा मी आठ वाजून दहा मिनिटांनी पोहोचले, तर तासभर मला फाटकाबाहेर, अंधाऱ्या रस्त्यावर उभे केले. मुलीला सुरक्षित ठेवण्यासाठी केलेल्या नियमाने तिला त्या दिवशी शहरातल्या सर्वांत असुरक्षित जागी तासभर उभे केले, आणि हा नियम राबवणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. जून २०२३ मध्ये मुंबईतील एका शासकीय वसतिगृहात विद्यार्थिनीचा खून झाला, तेव्हा संशय वसतिगृहातच काम करणाऱ्या माणसावर आला. कुलूप आणि वेळ यांच्यावर सगळी भिस्त ठेवली की आतल्या माणसांची चौकशी, जिन्यातला दिवा, मजल्यावर रात्री हजर असणारी अधीक्षिका, तक्रार केल्यावर ती ऐकणारा कोणी जबाबदार माणूस, हे सगळे मागे पडते. जे असे मागे पडते, तेच आम्हाला हवे आहे.

आगीचा धोका हा सुरक्षिततेचाच भाग आहे. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांत त्याच इमारतीत राहणारे कुटुंब होते. ते दुःख सोलापूर विसरलेले नाही. त्यानंतर मी माझ्या तेव्हाच्या खोलीकडे नव्याने पाहिले. खाली गादी-कापसाचे गोदाम, वर लाकडी खणांनी पाडलेल्या सहा खोल्या, एकच अरुंद जिना, त्या जिन्याखाली वीजमीटर, आणि खिडक्यांना बाहेरून बसवलेल्या जाळ्या. अठरा मुली तिथे राहत होतो. मी पुढच्याच महिन्यात ती जागा सोडली. बाकीच्या सोडू शकल्या नाहीत, कारण त्या भाड्यात दुसरीकडे जागा नव्हती.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आपले शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचे आहे, आणि त्याचा आपण सगळे अभिमान बाळगतो. तरीही खोली विचारायला गेले की भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. माझी एक मैत्रीण, अक्कलकोट तालुक्यातली मुस्लिम मुलगी, एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली, एका जुलैत अकरा घरांतून परत आली. त्यांतल्या चार घरी मी तिच्याबरोबर होते. नाव ऐकेपर्यंत खोली रिकामी होती, नाव ऐकल्यावर ती कालच दिलेली निघाली. दलित मित्र-मैत्रिणींचे अनुभव याहून वेगळे नाहीत. ते फक्त सवयीने कमी बोलतात. बाजारावर सोडलेला निवास हा अशा मुलामुलींसाठी निवास नसतोच. सार्वजनिक वसतिगृहाची गरज केवळ स्वस्ताईसाठी नाही, ती या कारणासाठीही आहे.

पैशांचा हिशेब थोडक्यात मांडते. ज्यांना कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळते त्यांना जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. त्या भत्त्यासाठी केंद्र सरकार सोलापूर ‘वाय’, म्हणजे शहरांच्या तीन वर्गांतल्या मधल्या वर्गात धरते. त्यांचा प्रश्न पैशाचा कमी आणि जागेचा अधिक आहे. माझ्यासारखे पुष्कळ जण मात्र कोणत्याही अधिछात्रवृत्तीविना, तासिका तत्त्वावर शिकवत संशोधन करतात, आणि त्या तासिकांचे मानधन कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने हातात येते. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावे लागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि इतर मागास प्रवर्गांसाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना या खरोखर मोलाच्या योजना आहेत. माझ्या दोन मित्रांचे शिक्षण त्यांच्यावर झाले आहे. तरी दोन अडचणी आहेत. आधार योजनेत जिल्ह्याला सहाशेच विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. आणि स्वाधारच्या वर्षाला ४३ हजारांच्या दरात निवासासाठी धरलेला वाटा १२ हजारांचा, म्हणजे महिन्याला एक हजार रुपयांचा आहे. मी गेल्या सात वर्षांत सोलापुरात हजार रुपयांत कॉट मिळालेली पाहिली नाही. शिवाय ही रक्कम खात्यात जमा होईपर्यंत वर्षाचा मोठा भाग सरलेला असतो, आणि डिपॉझिट व पहिले भाडे मात्र पहिल्याच दिवशी मोजावे लागते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. त्या निर्णयानंतर आमच्या गावातल्या तीन मुलींनी चौकशीसाठी मला फोन केला. तिघींनीही शेवटी एकच विचारले, ‘ताई, राहायचं कुठं?’

घरमालकांची बाजूही मी ऐकली आहे, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. पेठांमधली कितीतरी जुनी घरे आज अर्धी रिकामी आहेत. मुले पुण्याला किंवा हैदराबादला गेली, घरात दोन म्हातारी माणसे उरली, आणि वरचा मजला बंद पडला. बुधवार पेठेतल्या अशाच एका घरी मी काही महिने राहिले, आणि त्या घरातल्या आजींनी मला नातीसारखे सांभाळले. त्यांच्या मनात दोन भीती होत्या. एकदा ठेवलेला भाडेकरू निघणार नाही, ही पहिली. भाडेकरू कागदावर दाखवला की घरपट्टी वाढेल, ही दुसरी. म्हणून करार नाही, पावती नाही, पोलिसांकडे नोंद नाही, सगळे तोंडी. तोंडी व्यवहारात दोघेही उघडे पडतात. मालक म्हणतील तेव्हा विद्यार्थ्याने निघायचे आणि डिपॉझिट विसरायचे. तो निघालाच नाही तर मालकांच्या हातातही कागद नाही.

वास्तविक कायद्याने ही वाट कधीच करून दिली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मुळे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळवता येते. म्हणजे आजींच्या पहिल्या भीतीवर नोंदणीकृत करार हाच उपाय आहे. आणि त्याचा खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. महिना तीन हजारांची खोली अकरा महिन्यांसाठी घेतली तर मुद्रांक शंभर रुपयांच्या आत-बाहेर होतो. हजार-अकराशे रुपये वाचवण्यासाठी आणि माहितीअभावी हजारो मुलांचे राहणे बेकायदा अवस्थेत ठेवावे, हे मला कोणत्याही बाजूने पटत नाही.

म्हणून माझी महापालिकेकडे पहिली विनंती अशी आहे की, विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरांची एक स्वतंत्र नोंदणी सुरू करावी. जो मालक नोंदणीकृत करार करील, दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक डिपॉझिट घेणार नाही, आणि पाणी, जिना, वीजजोडणी व आग या चार गोष्टींची तपासणी करून घेईल, त्याच्या घरपट्टीत भाडेकरूमुळे वाढ होणार नाही अशी हमी काही वर्षांसाठी द्यावी. दोन महिन्यांची मर्यादा मी मनाने लिहिलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी तीच मर्यादा आहे. पन्नासहून अधिक कॉट असलेल्या खासगी वसतिगृहांची अग्निशमन तपासणी दरवर्षी जूनच्या आत व्हावी आणि तिचा निकाल इमारतीच्या दारावर लावावा. माझ्या त्या अठरा मुलींच्या जागेसारख्या लहान जागाही यातून सुटू नयेत. आणि रात्री नऊनंतर केगावहून शहराकडे येणारी परिवहनची किमान एक गाडी नेमाने धावावी. हमरस्त्याच्या कडेला अंधारात रिक्षाची वाट पाहणे किती कठीण असते, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते.

विद्यापीठाकडे विनंती अशी की, नोंदलेल्या खोल्यांची यादी विद्यार्थी विकास विभागाने प्रवेश-अर्जाबरोबरच उपलब्ध करून द्यावी, आणि कराराच्या नोंदणीचा खर्च गरजू विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने उचलावा. ही रक्कम माणशी हजार-अकराशेच्या घरात आहे आणि तिच्यामुळे विद्यार्थ्याला पत्ता मिळतो. पत्त्याचा पुरावा मिळाला की बँक खाते, गॅस, स्वाधारचा अर्ज, सगळे मार्गी लागते. जी वसतिगृहे आहेत किंवा पुढे बांधली जातील त्यांतील ठरावीक खोल्या संशोधकांसाठी बाराही महिने खुल्या ठेवाव्यात. उन्हाळी सुटीत वसतिगृह रिकामे करायला लावणे पदवीच्या मुलांना चालेल, पण संशोधकाची सुटी नसते. रसायनशास्त्राच्या माझ्या एका मित्राने मे महिन्याचे पंचवीस दिवस प्रयोगशाळेतल्या बाकावर झोपून काढले आहेत, कारण नमुने सोडून घरी जाता येत नव्हते. आणि थोड्या का होईना, पण कुटुंबासह राहता येईल अशा खोल्या नव्या आराखड्यात धराव्यात.

हे सोलापूरला झेपणार नाही असे कोणी म्हणेल, तर माझा अभ्यासविषय मला वेगळे सांगतो. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, जिला आपण अजून जुनी गिरणी म्हणतो, आणि पुढे गिरण्यांबरोबर कामगारांच्या चाळीही उभ्या राहिल्या. लक्ष्मी-विष्णू चाळीसारखी नावे शहराच्या पत्त्यांत आजही आहेत. सोलापूरजवळच्या कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये त्यांच्या हाती आली. त्याच भागात रे नगरमध्ये तीस हजार घरांचा प्रकल्प आखला गेला, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरांचा ताबा असंघटित कामगारांना मिळाला. मी या वसाहतींत महिनोन्‌महिने फिरले आहे. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या, कधी बँकेत न गेलेल्या बायकांनी मोर्चे काढून, वर्गणी भरून, कागद जमवून स्वतःची घरे मिळवली. यांतल्या एका मावशींनी माझी मुलाखत चालू असताना मलाच विचारले, ‘तू एवढी शिकलीस, आणि तुझी खोली अजून भाड्याची?’ त्यांच्या थोरल्या मुलीला बी.ए.नंतर पुढे शिकता आले नाही. धाकटी आज एम.कॉम. करते, कारण तिला घर आहे. कामगाराला घर लागते, हे ज्या शहराने देशाला दाखवले, त्याने विद्यार्थ्यालाही घर लागते हे मान्य करायला वेळ लावू नये.

विद्यापीठाचा वारसाही याच दिशेचा आहे. ज्या कोल्हापुरातून आपण वेगळे झालो, तिथे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली, कारण शाळा काढली तरी खेड्यातला मुलगा राहणार कुठे, हा प्रश्न त्यांना आधी दिसला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील असे बोर्डिंग काढले. आणि ज्यांचे नाव विद्यापीठाने २०१९ मध्ये धारण केले, त्या अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, त्यांचा होळकर वाडा उभा आहे. परक्या गावी आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा आणि प्यायला पाणी मिळावे, एवढाच त्या सगळ्या बांधकामांचा अर्थ होता. मी ही नावे सजावटीसाठी घेतलेली नाहीत. आम्ही जे मागतो आहोत ते त्यांनी केलेल्या कामाहून फार मोठे नाही.

यावर एखादी समिती नेमली जाईल, तर तिच्यात किमान दोन विद्यार्थिनी आणि एक विवाहित संशोधक असावेत, आणि समितीने निदान एका पाणी येण्याच्या दिवशी, पहाटे, जुळे सोलापूर किंवा बाळे भागातल्या खोल्यांना भेट द्यावी. आम्ही पंधरा-वीस जण खोल्यांची, त्यांच्या भाड्यांची आणि तिथल्या सोयींची माहिती गोळा करून द्यायला तयार आहोत. संशोधन करणाऱ्या मुलांना माहिती गोळा करणे येते, आणि त्यासाठी आम्हाला मानधन नको.

पुढचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. यादी, तपासणी आणि करार यांपैकी निदान यादीचे काम तोवर होण्यासारखे आहे. आमच्या गावातल्या ज्या तीन मुलींनी मला फोन केला होता, त्यांतल्या एकीचे त्याच वर्षी लग्न झाले. दुसरी पंढरपुरात दुकानात काम करते. तिसरी अजून थांबली आहे, आणि यंदा खोली मिळेल का, असे तिने परवाच पुन्हा विचारले आहे. तिला काय कळवू, ते आपण मला सांगावे.

आपली विश्वासू,
एक संशोधक विद्यार्थिनी,
सोलापूर